हॅटीचा पगारी उन्हाळा

माझ्या भावाची, लोवेलची, मुलगी हॅटी लहानपणापासून त्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायची. आमच्या टेनी कोव्हसारख्या मासेमारीच्या गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. इथं पोराचा हात जरा पुरायला लागला की ते सापळ्यात आमिष भरायला शिकतं. मी धक्क्यावरच्या मच्छीमार सोसायटीत शेवंडांचं वजन करते. बोटी आल्या की पेट्या काट्यावर चढवायच्या, चिठ्ठी फाडून द्यायची, हेच माझं काम. त्यामुळे कोण कुणाबरोबर समुद्रावर जातं ते मला विचारावं लागत नाही. हॅटी आपल्या अंगाच्या दुप्पट मापाची पिवळी रबरी विजार घालून यायची आणि शेवंडाच्या नांग्यांना रबर चढवताना जीभ दातांत धरायची. लोक म्हणायचे, लोवेल बीलनं पोरगी बरी तयार केलीय.

ती बोटीवर का जायची याचं खरं कारण वेगळं होतं. ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि लोवेललाही ठाऊक होतं. पण तो त्याचं नाव काढू द्यायचा नाही.

लोवेलला फिट्स यायच्या. खाली पडून हातपाय झाडावेत तशा नव्हेत. तसं असतं तर गावाला केव्हाच कळलं असतं. तो नुसता थांबायचा. बोलता बोलता, दोर ओढता ओढता नजर कुठंतरी लागायची, काही चघळावं तसे ओठ हलायचे आणि उजवा हात विजारीचा पट्टा चाचपत राहायचा. मग तो परत यायचा आणि हातातलं काम पुढं सुरू करायचा. मधला वेळ त्याच्या लेखी गेलेलाच नसायचा. तरुणपणी त्यानं बर्फात गाडी झाडावर घातली होती, डोक्याला मार बसला होता, तेव्हापासूनचं हे. धक्क्यावर काहींचं मत होतं की लोवेल शिष्ट आहे, उत्तर न देता तोंड फिरवतो. काहींचं मत होतं की तो सकाळीच पिऊन येतो. लोवेलला दोन्ही मतं चालायची. एकदा डॉक्टरकडे गेला होता, पण गोळ्यांनी दिवसभर पेंग यायला लागली, तेव्हा त्यानं त्या पाण्यात फेकल्या. म्हणाला, "पेंगत बोट हाकण्यापेक्षा अधूनमधून गायब झालेलं परवडलं."

पण बोटीवर गायब होणं कसं परवडेल? सापळा पाण्यात सोडला की त्याच्यामागून दोर सुसाट जातो. त्या दोराच्या वेटोळ्यात पाय अडकला की माणूस सापळ्याबरोबर तळाला. हॅटीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिची ती बघून शिकली. बापाचे ओठ हलायला लागले की ती आधी इंजिन सुटं करायची, म्हणजे बोट पुढं रेटली जात नाही, मग त्याला पाठीमागून पट्ट्याला धरायची आणि तो येईपर्यंत सोडायची नाही. तिचा त्यासाठी एक शब्द होता. घरी आली की हळूच मला सांगायची, "आत्या, आज बाबा लांब गेला होता."

तिची आई ती अगदी लहान असतानाच बँगोर शहरात राहायला गेली. भांडण काही नव्हतं, तिला समुद्र सोसला नाही. मग घरात दोघंच, बोटीवरही दोघंच. लोवेल परक्या खलाशाला द्यावा तसा हॅटीला तिचा वाटा चोख द्यायचा, आणि पुढं त्या वाट्यावरच तिचं विद्यापीठ चाललं. हिवाळाभर ती जीवशास्त्र शिकायची, उन्हाळ्यात बोटीवर. यात बदल होईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. मे महिना, सापळे पाण्यात उतरायचे दिवस. सोसायटीतला फोन वाजला.

"हॅटी बील आहे का? मी ग्रेटा लिंडक्विस्ट. तिनं हा नंबर दिला होता."

आमच्याकडे तेव्हा मोबाइल धड लागायचा नाही, त्यामुळे निम्मं गाव सोसायटीचाच नंबर द्यायचं. मी म्हटलं, "ती आत्ता नाही. मी तिची आत्या, विनी."

"बरं झालं. तुम्हालाच विचारते. मी संशोधक आहे, मिरगीवर काम करते. एक संस्था दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना आमच्याकडे पाठवते. दहा आठवडे त्यांनी आमच्या हाताखाली शिकायचं, खर्च संस्थेचा. हॅटीची निवड झाली होती. काल तिनं नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी जे पहिलं सुचलं ते विचारलं, "म्हणजे पगारी?"

"पगारी. फुकट राबवलं तर उन्हाळ्यात कमवायची गरज नसलेलीच मुलं संशोधनात येतील, असं पैसे देणाऱ्यांचं म्हणणं आहे. आणि खरंय ते."

"आणि काम कसलं?"

"माशांवर."

"माशांचं काम आमच्याकडेही भरपूर आहे, बाई."

ती हसली. "हे मासे पापणीच्या केसाएवढे असतात. तिच्याशी बोलून बघा. मी शुक्रवारपर्यंत जागा धरून ठेवते."

हॅटी लोवेलच्या शेडमागं सापळ्यांच्या तरंगत्या बोयांना रंग देत होती. मी तिथंच गेले, उलट्या पेटीवर बसले.

"तुला कुठं बोलावलंय म्हणे."

तिचा ब्रश थांबला नाही. "बोलावलं होतं. मी नाही म्हटलं."

"अर्ज कशाला केला होतास मग?"

"मिळेल असं वाटलं नव्हतं."

"दुसरा खलाशी मिळेल की बापाला."

आता तिनं ब्रश डब्यात ठेवला. "मिळेल ना. खलाशी काय, उद्या मिळेल. पण त्याला सांगू काय? इंजिन केव्हा सुटं करायचं, पट्ट्याला केव्हा धरायचं, हे बाबाचं नाव न काढता कसं सांगू? आणि न सांगता पाठवू? तूच सांग, आत्या."

मी स्वतः गेले असते, पण माझे गुडघे सोसायटीच्या दोन पायऱ्यांना कुरकुरतात.

त्या संध्याकाळी मी लोवेलकडे गेले. तो हॅडॉक माशाचं सूप ओरपत होता. हॅटी बाहेर होती. मी सगळं सांगून टाकलं, फोन, पगार, शुक्रवार. तो चमचा हातात धरून गप्प झाला. मला आधी वाटलं, गेला लांब. पण ओठ हलत नव्हते. तो तिथंच होता.

"कसले मासे?" त्यानं विचारलं.

"पापणीच्या केसाएवढे."

"आमिषालाही पुरायचे नाहीत." मग कपाळाला बोट लावून, "त्याच्यावर आहे का ते काम?"

"त्याच्यावरच आहे."

"म्हणजे पोरगी माझ्यामुळे जाणार होती आणि माझ्यामुळेच राहिली." त्यानं वाटी बाजूला सारली. "माझी राखण करायला नाही जन्माला घातली तिला. कोण येईल बोटीवर?"

मी वाटेतच विचार करून ठेवला होता. "डॉट ऍली."

डॉट आमच्या गावातली शाळेची बस चालवायची. दणकट बाई, उन्हाळ्यात शाळा बंद म्हणून मोकळी. तिच्या बसमधल्या एका मुलीला फिट्स यायच्या, त्यामुळे काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ती रीतसर शिकलेली होती.

"ती फार बडबडते," लोवेल म्हणाला.

"बडबडते."

"तिला सांगावं लागेल."

"लागेल."

"तू सांग, विनी."

"मी नाही. डोकं तुझं आहे, तूच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चालत डॉटकडे गेला. तिथं काय झालं ते मला डॉटनंच सांगितलं, आणि नंतर निम्म्या गावाला. लोवेल दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी कधीकधी जागच्या जागी नसतो." डॉट म्हणाली, "लोवेल, ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला वाटायचं, तुला आम्ही आवडत नाही."

मग त्यानं तिला उरलेलं सांगितलं. तिनं इंजिन कुठून सुटं करायचं एवढंच विचारलं.

एक अडचण होती. इतकी वर्षं खलाशाचा वाटा घरातच राहायचा, आता तो डॉटला जाणार. हॅटीचा उन्हाळा पगारी होता म्हणूनच हे जमण्यासारखं होतं. तो बिनपगारी असता तर लोवेलनं कितीही मनावर घेतलं तरी तिचं पुढचं वर्ष अडलं असतं. तरी शहरात खोली घ्यायची तर आधी हातात काहीतरी हवं. हॅटीनं लिंडक्विस्टबाईंना येते म्हणून कळवलं आणि थोडे पैसे आधी मिळतील का ते लाजत लाजत विचारलं. बाईंनी संस्थेला विचारलं. दोन दिवसांनी संस्थेतल्या कुणा मार्जोरीबाईंचा फोन आला, की पहिला हप्ता आधी पाठवतो, आणि येताना गरम कपडे आण, प्रयोगशाळा फ्रीजसारखी थंड असते. हॅटी फोन ठेवून काट्याला टेकली. म्हणाली, "आत्या, ही माणसं मला ओळखतसुद्धा नाहीत."

ती गेली. पहिले काही दिवस बोटी धक्क्याला लागायच्या वेळी तिचा फोन हमखास यायचा. खुशाली वगैरे काही नाही, थेट प्रश्न. "गेला होता का लांब?" मागून डॉट ओरडायची, "सांग तिला, आज नाही गेला. आणि गेला असता तरी मी त्याला माझ्या मोठ्या बहिणीची गोष्ट अर्धीच सांगितलीय, ती ऐकायला परत आला असता."

जुलैत एकदा धुक्यात ते खरंच झालं. सापळा नुकताच सोडला होता, दोर धावत होता आणि लोवेलचे ओठ हलायला लागले. डॉटनं इंजिन सुटं केलं, त्याला मागून मिठीत धरून दोरापासून लांब ओढलं आणि तशीच उभी राहिली. उभ्याउभ्या ती आपल्या बहिणीच्या घटस्फोटाबद्दल बोलत होती, कारण तोंड बंद ठेवणं तिला जमत नाही. थोड्या वेळानं लोवेल म्हणाला, "मग त्या नवऱ्याचं काय झालं?" एरवी तो परत आला की आजूबाजूच्यांचे चेहरे चुकवायचा. त्या दिवशी तो धक्क्यावर उतरला तेव्हा मला म्हणाला, "बाई वाईट नाही."

तिकडे हॅटीचं शिकणं चाललं होतं. लिंडक्विस्टबाईंनी पहिला आठवडा तिला फक्त पाणी बदलायला आणि नोंदी करायला लावलं. स्वतः शेजारी स्टुलावर बसायच्या आणि तिनं काही विचारलं की आधी म्हणायच्या, "तुला काय वाटतं?" हॅटी म्हणायची, मला आजवर माझं मत कुणी इतक्यांदा विचारलं नव्हतं. एकदा तिनं रात्रभर पाणी तापवायचा दिवा चालू ठेवला आणि सकाळी माशांची सगळी पिल्लं मेलेली. आता आपल्याला घरी पाठवणार असं समजून तिनं पिशवीसुद्धा भरली. बाई म्हणाल्या, "माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी फ्रीजचं दार उघडं टाकलं होतं. दोन वर्षांचं काम गेलं माझ्या गुरूचं. पिशवी रिकामी कर आणि नवी अंडी घे."

ते मासे म्हणजे पट्ट्यांचे झेब्राफिश. त्यांची पिल्लं काचेसारखी आरपार असतात. जिवंत मेंदू बाहेरून दिसतो. काही पिल्लांना जन्मतःच फिट्स येतात. त्यांना एक औषध निरनिराळ्या प्रमाणात देऊन फरक पडतो का ते बघायचं, हे हॅटीचं काम. पहिल्यांदा तिनं सूक्ष्मदर्शकाखाली फिट पाहिली तेव्हा पिल्लू गरगर फिरलं, ताठ झालं, निपचित पडलं. आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पोहायला लागलं.

हॅटी उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसली. लिंडक्विस्टबाई तिच्या मागून आल्या आणि शेजारी बसल्या. तेव्हा हॅटीनं त्यांना बापाबद्दल सगळं सांगितलं, बोट, दोर, पट्टा, सगळं.

"अर्जातच का नाही लिहिलंस?"

"मग तुम्ही दया येऊन घेतलं असतं मला."

"तू सापळे ओढतेस असं त्यात होतं, म्हणून मी तुला घेतलं," बाई म्हणाल्या. "वारा-पाऊस न बघता तेच काम रोज नीट करणारी माणसं मला लागतात. हुशार पोरं ढिगानं मिळतात." मग त्यांनी विचारलं, "तुझे वडील डॉक्टरकडे शेवटचे कधी गेले?"

"माझ्या जन्माआधी."

"आता पूर्वीपेक्षा बऱ्या गोळ्या आहेत. माझी एक मैत्रीण बँगोरला फिट्सचेच पेशंट बघते. मी तिचं नाव देते. न्यायचं काम तुझं."

त्या दिवसापासून हॅटीचे फोन बदलले. बापाची चौकशी असायची, पण नंतर. आधी मासे. मी टोपल्या उचलत ऐकायची. मला निम्मं कळायचं नाही, पण तिचा आवाज कळायचा. इतकी वर्षं ती पोरगी एका माणसाच्या ओठांवर डोळा ठेवून जगली होती. आता तिला दुसरंही काही बघायला मिळालं होतं.

ऑगस्टच्या शेवटी संस्थेनं एक जेवण ठेवलं होतं, चर्चच्या तळघरात. बीन्स, हॅम, ब्राऊन ब्रेड. पैसे देणारी माणसं जमणार आणि मुलांनी त्यांना उन्हाळ्यात काय केलं ते सांगायचं. डॉटच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. लोवेलनं लग्नातला टाय बांधला होता. तो वाटेत दोनदा म्हणाला, "मी गाडीतच बसेन." डॉट म्हणाली, "बस की. काच खाली ठेवीन, गाडीतल्या कुत्र्यासाठी ठेवतात तशी."

तो आत आला. मला वाटलं होतं पैसे देणारे म्हणजे सुटाबुटातले लोक असतील. पण तिथं बसली होती आमच्यासारखीच माणसं. एक शिक्षिका, एक निवृत्त सुतार, मुलाला चाकाच्या खुर्चीवरून आणलेलं एक जोडपं. कुणी घरी केलेले केक विकले होते, कुणी रजया शिवून विकल्या होत्या, कुणी मैलोन्‌मैल चालून शेजाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली होती. मार्जोरीबाई ऍप्रन लावून बीन्स वाढत होत्या.

हॅटी उभी राहिली. तिनं माशांची चित्रं दाखवली आणि सरळ सांगितलं, "मी ज्या औषधाची चाचणी घेतली ते लागू पडलं नाही. आम्ही प्रमाण बदलून पाहिलं, तरी नाही. आता दुसऱ्या कुणाला त्याच्यात वेळ घालवावा लागणार नाही." मला वाटलं, संपलं, एवढ्या पैशांत पोरगी हात हलवत आली म्हणतील. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खुर्चीतल्या मुलाची आई म्हणाली, "एक दार बंद झालेलं कळलं, तेही बरं."

लोवेलच्या शेजारी एक जाडजूड माणूस बसला होता, बेकरीत काम करणारा. तो वाकून म्हणाला, "ही तुमची कोण?"

"मुलगी."

"घरात कुणाला आहे का?"

लोवेलनं ताटलीकडे बघितलं, काटा सरळ करून ठेवला. "मला," तो म्हणाला. "मिरगी आहे मला. पोरगी व्हायच्या आधीपासून."

"मला शाळेत असल्यापासून," तो माणूस म्हणाला. "आणखी बीन्स घेणार? संपायला आलेत."

लोवेलनं ताटली पुढं केली. पुढं तासभर ते दोघं बोलत होते. गाडी चालवता येत नाही म्हणून कोण कसं जातं-येतं, बायका काय म्हणतात, कोणत्या गोळीनं काय होतं. माझ्या भावाला इतकं बोलताना मी लग्नातही ऐकलं नव्हतं.

निघताना तो मार्जोरीबाईंसमोर उभा राहिला. आभार मानायचे होते. तो म्हणाला, "तुम्ही माझ्या बोटीवर खलाशी दिलात." बाईंना काही कळेना. हॅटीनं त्यांना समजावून सांगितलं, की त्या पगारामुळे तिच्या जागी डॉट आली आणि डॉट होती म्हणून जुलैतल्या धुक्यात तिचा बाप बोटीवरच राहिला. बाईंनी ऍप्रनला हात पुसले आणि लोवेलचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही.

त्या शरदात लोवेल बँगोरला गेला. पहिली गोळी जमली नाही, दुसरीनं हात थरथरायचे, तिसरी जमली. फिट्स गेल्या नाहीत, पण विरळ झाल्या. धक्क्यावर त्यानं स्वतःच सांगून टाकलं. त्यानंतर आठवडाभर लोक त्याच्याशी जरा जपून बोलले, मग पुन्हा पूर्वीसारखे शेवंडांच्या भावावरून भांडायला लागले. डॉट अजून दर उन्हाळ्यात त्याच्या बोटीवर असते. तिच्या बहिणीनं मध्यंतरी दुसरं लग्न केलं, त्याचीही हकिकत बोटीवर सविस्तर झाली.

हॅटी पुढं शिकत गेली. ते औषध नाही तर दुसरं, हा नाद तिला लागला तो सुटला नाही. आता तिची स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. दर उन्हाळ्यात तिच्याकडेही त्या संस्थेकडून एखादा विद्यार्थी येतो आणि ती स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसते. यंदाची मुलगी उत्तरेकडच्या बटाट्याच्या शेतावरची आहे. तिला कामावर घेताना हॅटीनं आधी एवढंच विचारलं म्हणे, "तू इकडं आल्यावर घरी कुणाची अडचण होणार आहे? ते आधी बघू."

चर्चमधलं जेवण दर ऑगस्टला होतं. लोवेल त्यासाठी दिवसभरात मिळालेले सगळे शेवंड घेऊन जातो, पाणी उकळायला ठेवतो आणि बेकरीवाल्याबरोबर स्वयंपाकघरातच उभा असतो. गेल्या वर्षी मार्जोरीबाईंनी त्याला धरून बाहेर आणलं. म्हणाल्या, मुलांना दोन शब्द सांग. तो त्या नव्या पोरांसमोर उभा राहिला, सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "आधी जेवून घ्या. गार होतंय." आणि परत आत गेला.